नवा संगणक, जुना एसएमपीएस: ‘चालतो आहे’ एवढे उत्तर पुरेसे आहे का?

आपल्या घरांतून जुनी वस्तू सहसा टाकली जात नाही. जुन्या साडीची गोधडी होते, पंख्याची जळलेली मोटर वाइंडिंग करून पुन्हा बसवली जाते आणि थोरल्या भावाची सायकल धाकट्याकडे येते. ही सवय चांगली आहे. ती मोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु सगळ्याच जुन्या वस्तू एका मापाने मोजता येत नाहीत. सायकलचे कॅरिअर जुने झाले तर फार तर दप्तर पडेल. ब्रेक जुने झाले तर स्वार पडेल. संगणकाच्या बाबतीत हा फरक ओळखण्यात मी स्वतः एकदा चुकलो. त्या चुकीतून तयार झालेले माझे मत आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

हा विषय आत्ताच काढण्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर रीतसर चालत नाही. त्यामुळे अनेक शाळांत, महाविद्यालयांत आणि घरांत मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढे बदलून बाकीचा संगणक जुनाच ठेवण्याचा बेत चालू आहे. कॅबिनेट जुने, मॉनिटर जुना, कीबोर्ड जुना. यात काहीच वावगे नाही. प्रश्न येतो तो कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात बसवलेल्या पत्र्याच्या डब्याचा. दुकानात त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात. स्विच मोड पॉवर सप्लाय या शब्दांची ही आद्याक्षरे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाच्या निरनिराळ्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज पुरवणे हे त्याचे काम.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुना एसएमपीएस पुन्हा वापरायला माझा विरोध नाही. पण ‘चालतो आहे ना, मग राहू दे’ एवढ्या एकाच कारणासाठी तो वापरायला माझा ठाम विरोध आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने तर हे कारण कधीच देऊ नये.

आमच्या विभागातली गोष्ट

२०१८ सालच्या जानेवारीत आमच्या पदार्थविज्ञान विभागातल्या एका संगणकाचे नूतनीकरण करायचे ठरले. पैसे मोजकेच होते. नवा मदरबोर्ड, ९५ वॅटचा प्रोसेसर, रॅम आणि एक साधे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर खिसा रिकामा झाला. एसएमपीएस २००८ सालचा होता, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापले होते. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सारे महाविद्यालय मामा म्हणते, ते मला म्हणाले, “सर, एवढं सगळं नवीन घेतलंत, तो डबाही बदलून टाका. दहा वर्षं झाली त्याला.”

मी म्हणालो, “मामा, चालतोय ना? मग कशाला उगीच खर्च?”

मामा काही बोलले नाहीत. दोन महिने संगणक उत्तम चालला आणि माझाच निर्णय बरोबर, असे मला वाटू लागले. मार्चमध्ये तो अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. आम्ही प्रणाली पुसून पुन्हा भरली. मग रॅम बदलून पाहिली. मग विषाणूचा संशय घेतला. एसएमपीएसकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण पंखा फिरत होता, दिवा लागत होता, म्हणजे वीज तर येतच होती!

त्या वेळी तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प चालू होता. निरनिराळे रंग दिलेल्या छपराच्या पत्र्यांखाली तापमान किती चढते, याच्या नोंदी ती एप्रिलभर संवेदक लावून याच संगणकावर साठवत होती. महिनाअखेरीस तिने सगळ्या नोंदी उघडून आलेख काढायला घेतले. प्रोसेसर जोरात कामाला लागला आणि संगणक पुन्हा बंद पडला. या वेळी मात्र लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहिली आणि तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. दुसरी प्रत ठेवली नव्हती, हा दोष तिच्याइतकाच माझाही. तिने मे महिन्यात पुन्हा नोंदी घेतल्या, पण मध्येच वळवाचे पाऊस झाले. एप्रिलचे ते कोरडे ऊन काही परत आणता आले नाही. प्रकल्प अपुऱ्या नोंदींवरच सादर करावा लागला.

त्यानंतर मी मल्टिमीटर घेऊन बसलो. संगणक स्वस्थ असताना १२ व्होल्टच्या तारेवर ११.८ व्होल्ट मिळत होते. प्रोसेसरला भरपूर काम दिले तेव्हा तेच ११.१ व्होल्टवर आले. एटीएक्स या सर्वमान्य मानकाप्रमाणे हा दाब ५ टक्क्यांपेक्षा अधिक हलता कामा नये. म्हणजे तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे. आमचा डबा केव्हाच नापास झाला होता. आम्ही त्याची परीक्षाच घेतली नव्हती.

वॅटचा मोठा आकडा आणि खरा आकडा

आता जरा त्या ‘४५० वॅट’ची झडती घेऊ. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. प्रत्येक दाबाला जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह देता येईल, हे त्यात लिहिलेले असते. आमच्या डब्याच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १५ अँपिअर होते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले प्रवाह, हे तुम्ही शाळेत शिकता. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. उरलेली सारी शक्ती ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात मांडलेली होती. आमच्या नव्या संगणकाला काय हवे होते? प्रोसेसरला ९५ वॅट, ग्राफिक्स कार्डला सुमारे ६५ आणि पंखे व डिस्क मिळून २० वॅट. बेरीज १८० वॅट, आणि हे जवळजवळ सगळे १२ व्होल्टवर. म्हणजे कागदावरच आम्ही अगदी काठावर उभे होतो. दहा वर्षांच्या झिजेला त्यात जागाच नव्हती. हा हिशेब नववीतल्या मुलाला दोन मिनिटांत करता आला असता. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि मी तो केला नाही.

जुन्या एसएमपीएसमध्ये ५ व्होल्टची बाजू भारी आणि नव्यात १२ व्होल्टची बाजू भारी, असे का, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचा पुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता आणि त्यातले प्रोसेसर व इतर मंडले ५ व्होल्टवर चालत. पुढे प्रोसेसरची भूक वाढत गेली. समजा १०० वॅट शक्ती ५ व्होल्टवर पाठवायची आहे. प्रवाह लागेल २० अँपिअर. जाण्यायेण्याच्या तारांचा आणि जोडणीचा मिळून रोध ०.०१ ओहम धरला, तर वाटेतच ०.२ व्होल्ट गळतील. ५ व्होल्टमधले ०.२ म्हणजे ४ टक्के. सगळी सवलत तारेतच संपली! आता तेच १०० वॅट १२ व्होल्टवर पाठवा. प्रवाह सुमारे ८.३ अँपिअर, गळती सुमारे ०.०८ व्होल्ट, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीही जवळजवळ सहापट कमी. वीज दूरवर न्यायची तर ती उच्च दाबाने का नेतात, याचेच हे छोटे रूप.

म्हणून २००० सालाच्या सुमारास पेंटियम ४ या प्रोसेसरबरोबर १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली. तेव्हापासून प्रोसेसरला लागणारी वीज १२ व्होल्टने मदरबोर्डपर्यंत आणायची आणि अगदी प्रोसेसरच्या शेजारी ती एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवायची, अशी पद्धत रुळली. तात्पर्य, जुन्या एसएमपीएसचा प्रश्न आला की वरचा मोठा आकडा विसरा आणि तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचा.

अनेक स्वस्त, जुन्या एसएमपीएसमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांत ५ आणि १२ व्होल्ट या दोन्हींचे नियंत्रण एकत्रच केलेले असते. जणू दोन बैलांचा एकच कासरा. नव्या संगणकात १२ व्होल्टवर सगळा भार आणि ५ व्होल्टवर जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती असते. मग एक बैल मागे ओढतो, दुसरा पुढे पळतो; १२ व्होल्टचा दाब घसरतो आणि ५ व्होल्टचा चढतो. याच्या उलट तऱ्हेची अडचण २०१३ साली दिसली. त्या वर्षी आलेले इंटेलचे प्रोसेसर निद्रावस्थेत इतका कमी प्रवाह घेत, की काही जुन्या एसएमपीएसना तेवढ्या थोड्या भारावर दाब स्थिर ठेवणे जमेना. तेव्हा जुना एसएमपीएस ‘जुन्या’ संगणकात दहा वर्षे चालला, हा नव्या संगणकात तो चालेल याचा पुरावा होत नाही. भार बदलला की प्रयोगच बदलतो.

डबा म्हातारा कसा होतो?

एसएमपीएसच्या आत काय घडते ते थोडक्यात पाहू. भिंतीतून येणारी प्रत्यावर्ती वीज आधी दिष्ट केली जाते. २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते, म्हणून आतल्या मोठ्या धारित्रावर, म्हणजे कपॅसिटरवर, निदान तेवढा दाब चढतो. काही रचनांत तो ४०० व्होल्टच्या जवळ जातो. मग ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. इतक्या मोठ्या वारंवारतेमुळे मुठीत मावेल एवढे रोहित्र पुरते. ५० हर्ट्झवर तेच काम करायला काही किलोंचे रोहित्र लागले असते. शेवटी कमी दाबाची ही वीज पुन्हा दिष्ट करून धारित्रांच्या साहाय्याने गुळगुळीत केली जाते.

यातले रोहित्र सहसा म्हातारे होत नाही. म्हातारी होतात ती धारित्रे. त्यांच्यात एक विद्युतवाहक द्राव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो, धारित्राची साठवणशक्ती घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. यासाठी एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दर १० अंश सेल्सिअसने कमी केले की धारित्राचे आयुष्य दुप्पट होते. धारित्रावर ‘१०५ अंशांना २००० तास’ असे लिहिले असेल, तर ८५ अंशांना ते ८००० तास टिकेल आणि ६५ अंशांना ३२००० तास. आता विचार करा. धुळीने पंखा जाम झाला, कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबले आणि आतले तापमान २० अंशांनी वाढले, तर आयुष्य चौथ्या हिश्शावर आले. म्हणजे दोन एसएमपीएस एकाच दिवशी विकत घेतले तरी त्यांचे खरे वय सारखे नसते. त्यातच साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रावाची धारित्रे जगभर मोठ्या संख्येने विकली गेली आणि ती अकाली फुगून फुटली. त्या काळातला डबा तुमच्याकडे अजून असेल, तर त्याला निरोप देणेच बरे.

धारित्रे थकल्याची एक खूण घरबसल्या दिसते. वीज गेली की यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ संगणक एसएमपीएसच्या धारित्रात साठलेल्या ऊर्जेवर तग धरतो. पूर्ण भार असताना सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा जुन्या मानकांत होती. ५० हर्ट्झचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे जेमतेम पाऊण आवर्तन. यूपीएसची बॅटरी चांगली असूनही दिवे गेले की तुमचा संगणक बंद पडत असेल, तर दोष यूपीएसचाच आहे असे समजू नका. एसएमपीएसची पुंजी संपत आलेली असू शकते.

परीक्षा कशी घ्यावी?

माझ्या मते जुना एसएमपीएस ठेवण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत. पहिला, १२ व्होल्टवर तो किती अँपिअर देतो, आणि नव्या भागांची एकूण गरज त्याच्या साधारण दोन तृतीयांशाच्या आत बसते का? आजचे प्रोसेसर आपल्या अंगावर छापलेल्या वॅटपेक्षा थोडा वेळ बरीच अधिक वीज ओढतात, म्हणून एवढी मोकळी जागा हवी. दुसरा, त्याचे वय काय आणि तो कसल्या उष्णतेत राहिला? तिसरा, नव्या मदरबोर्डला लागणाऱ्या जोडण्या त्याच्याजवळ मुळातच आहेत का? एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा जोडतारांची माळ लावावी लागत असेल, तर डब्याने स्वतःच उत्तर दिले आहे असे समजावे. चौथा, पूर्ण भार असताना त्याचा दाब ११.४ व्होल्टच्या वर राहतो का?

हा चौथा प्रश्न शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतही सोडवता येतो. संगणक चालू असताना एसएमपीएसच्या एखाद्या मोकळ्या चार पिनांच्या जोडणीत मल्टिमीटरची काळी सळई काळ्या तारेशी आणि तांबडी सळई पिवळ्या तारेशी लावायची. मीटर दिष्ट दाबाच्या २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवायचा. आधी संगणक स्वस्थ असताना आणि मग त्याला जड काम देऊन, अशी दोन वाचने घ्यायची. सळयांची टोके एकमेकींना टेकू द्यायची नाहीत.

पण एक लक्षात ठेवा. साधा मीटर सरासरी दाखवतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात आलेली खाच किंवा दाबावरच्या बारीक लहरी त्याला दिसत नाहीत. १२ व्होल्टवर या लहरी १२० मिलिव्होल्टपेक्षा मोठ्या नसाव्यात असे मानक सांगते, आणि त्या पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणजे मीटर एसएमपीएसला नापास करू शकतो, पण पूर्णपणे पास करू शकत नाही. म्हणूनच वयाचा प्रश्न मीटरच्या उत्तराने रद्द होत नाही.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका. तारा भिंतीतून काढल्यानंतरही आतल्या धारित्रात काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. दुसरे, ज्या एसएमपीएसच्या तारा डब्यापासूनही सुट्या करता येतात, त्यांच्या तारा दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. मदरबोर्डच्या टोकाची जोडणी ठरलेली असते, पण डब्याच्या टोकाची रचना प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने करतो. प्लग नीट बसतो आणि तरीही ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. अशाने चांगली डिस्क क्षणात निकामी होते.

दुकानदाराचे काय, अंदाजपत्रकाचे काय?

मी नेहमी नवाच एसएमपीएस घ्या असे सांगतो आहे, असा समज होऊ नये. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयातल्या संगणकाचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला, तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, पॉवर सप्लाय पण नवीन टाकू. जुन्याची गॅरंटी नाही.” मी तक्ता वाचला. २०२१ साली घेतलेला एसएमपीएस, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. नव्या संगणकाची गरज १५० वॅटच्या आत. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर चार वर्षांत तो ५३०० तासांच्या आसपासच चालला होता, तेही खिडकीजवळ, मोकळ्या हवेत. भार देऊन मोजले तेव्हा दाब ११.९ व्होल्ट. आम्ही तो ठेवला आणि तो आजही व्यवस्थित काम करतो आहे. ‘सगळे बदला’ हे उत्तरही ‘राहू दे’ या उत्तराइतकेच आळशी आहे. दोन्हींत मोजमाप नाही. चांगला एसएमपीएस भंगारात टाकणे म्हणजे त्यातले तांबे, ॲल्युमिनिअम आणि ते बनवायला खर्च झालेली ऊर्जा वाया घालवणे.

शिक्षकबंधू आणि भगिनी म्हणतील, की आमच्या शाळेच्या अंदाजपत्रकात एसएमपीएससाठी पैसे उरतच नाहीत. ही अडचण मला परकी नाही. पण पैसे कमी असले की कोणत्या वस्तूला आधी द्यायचे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे होते. संगणकातला दुसरा कोणताही भाग बिघडला तर बहुधा तो एकटाच बिघडतो. एसएमपीएस मात्र प्रत्येक भागाशी तारेने जोडलेला असतो. चांगल्या रचनेत दाब अवाजवी वाढला की स्वतःहून बंद होण्याची सोय असते. निकृष्ट रचनेत ती नसली, तर जाताना तो मदरबोर्ड आणि डिस्कही बरोबर नेऊ शकतो. माझे मत विचाराल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण पुरवठा खात्रीचा ठेवा.

शिवाय जुन्याचा एक छुपा खर्च असतो. समजा संगणकाला १५० वॅट लागतात. ७० टक्के कार्यक्षमतेचा जुना एसएमपीएस भिंतीतून सुमारे २१४ वॅट घेईल, तर ८५ टक्क्यांचा नवा सुमारे १७६ वॅट. फरक ३८ वॅटचा. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर हा फरक ५० युनिट होतो. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला ४०० रुपये केवळ डबा तापवण्यात गेले. आणि तीच उष्णता धारित्रांचे आयुष्यही कमी करते, ते वेगळेच. अर्थात संगणक दिवसातून तासभरच लागत असेल, तर ही बचत नगण्य ठरते आणि जुना डबा ठेवणे योग्य होते. हिशेब प्रत्येकाने आपापल्या वापराचा करायचा.

एक सूचना

शेवटी एक सूचना करतो. ती अमलात आणायला कागदाचा तुकडा, डिंक आणि एक मल्टिमीटर एवढेच लागते. शाळेच्या संगणककक्षातल्या प्रत्येक कॅबिनेटवर एक पट्टी चिकटवा. तिच्यावर एसएमपीएस घेतल्याचे वर्ष आणि १२ व्होल्टवरचे अँपिअर लिहा. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की नववीच्या मुलांनी शिक्षकांसमोर प्रत्येक संगणकाचा दाब स्वस्थ असताना आणि भार असताना मोजावा आणि तारखेसह पट्टीवर लिहावा. दोन-तीन वर्षांत तुमच्याजवळ नोंदींची एक मालिका तयार होईल. ११.९, ११.८, ११.६ असे आकडे खाली उतरताना दिसले, की डबा बंद पडण्याची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही. आणि आकडे स्थिर असतील, तर दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणता येईल. उतरत्या आकड्यांचा डबा लगेच भंगारात देण्याचीही गरज नाही. नुसती टंकलेखनाची कामे होतात अशा कमी भाराच्या जुन्या संगणकाला लावून तो आणखी वर्ष-दोन वर्षे वापरता येईल; फक्त परीक्षेचे गुण किंवा प्रकल्पाच्या नोंदी ज्यात आहेत, त्या संगणकाला तो नको. जो अगदीच निकामी झाला, तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

आमच्या विभागात २०१८पासून अशा पट्ट्या आहेत. पहिली पट्टी मामांनी चिकटवली आणि तिच्यावरचे पहिले वाचन त्या विद्यार्थिनीने लिहिले. तेव्हापासून एखादा जुना भाग ठेवायचा की नाही हा प्रश्न निघाला, की मामा मला काही विचारत नाहीत. ते कपाटातून मल्टिमीटर काढून माझ्या हातात देतात.